निकेल बोरोकार्बाइड स्फटिकांतील दिशानिर्भरता

निकेल बोरोकार्बाइडे हा अतिसंवाहक, म्हणजे ठरावीक तापमानाखाली कोणत्याही रोधाशिवाय वीज वाहून नेणाऱ्या, संयुगांचा एक गट आहे. विरल मृत्तिका, म्हणजे होल्मियम, थुलियम यांसारख्या धातूंच्या, गटातले (किंवा इट्रियमसारखे) एक मूलद्रव्य, निकेल, बोरॉन आणि कार्बन ही त्यांची चार घटकद्रव्ये असून त्यांच्या अणूंचे प्रमाण १:२:२:१ असते. गटातील काही संयुगांत चुंबकत्व आणि अतिसंवाहकता एकाच स्फटिकात नांदतात. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र स्फटिकाच्या कोणत्या अक्षाला धरून लावले आहे, त्यावर या दोन्हींचे वर्तन बदलते. चुंबकत्व अतिसंवाहकतेला कसे आणि किती मारते, हे दिशेनुसार तपासण्यासाठी इतके सोयीचे दुसरे कुटुंब क्वचितच सापडेल.

या संयुगांच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत इट्रियम, निकेल व बोरॉन यांच्या संयुगाचे नमुने तपासताना १२ केल्व्हिनच्या (सुमारे उणे २६१ अंश सेल्सियस) आसपास अतिसंवाहकतेची चाहूल लागली, पण नमुन्याचा अगदी थोडा भाग अतिसंवाहक होत होता. त्याचे मूळ कार्बनमध्ये आहे हे लक्षात आल्यावर कार्बन मुद्दाम मिसळण्यात आला आणि जवळपास सगळा नमुना अतिसंवाहक झाला. आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांचा हा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रॉबर्ट कावा यांच्या गटाने हीच संयुगे वेगळी करून ओळखली. निकेलच्या जागी पॅलेडियम असलेल्या नमुन्यात त्यांना २३ केल्व्हिनपर्यंत अतिसंवाहकता मिळाली.

स्फटिकाची रचना चतुष्कोणीय आहे. एकक कोशाचा (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या ठोकळ्याचा) तळ सुमारे ३.५ अँगस्ट्रॉम (मिलिमीटरचा एक कोट्यंश म्हणजे एक अँगस्ट्रॉम) बाजूचा चौरस, तर उंची त्याच्या तिप्पट, म्हणजे सुमारे १०.५ अँगस्ट्रॉम. विरल मृत्तिका व कार्बन यांचा एक थर, त्यावर निकेल-बोरॉनचा थर, अशी चवड या उंचीत रचलेली असते. रचना पाहून कोणालाही ताम्र-ऑक्साइड अतिसंवाहक आठवतील. त्यांच्यात वीज थरांच्या पातळीत सहज वाहते आणि उभ्या दिशेने अडखळते. बिस्मथयुक्त ताम्र-ऑक्साइडांत हा फरक हजारो पटींचा असतो. बोरोकार्बाइडांत तसे काही होत नाही. त्यांचा विद्युत रोध दोन्ही दिशांना जवळपास सारखाच आहे, कारण वीज वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या अवस्थांत चारही मूलद्रव्यांचा वाटा असतो. थर दिसतात ते अणूंच्या मांडणीत. इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने पदार्थ त्रिमितीयच आहे.

मग मोठी दिशानिर्भरता येते कुठून? उत्तर विरल मृत्तिकेच्या अणूत आहे. त्याच्या आतल्या कवचातील इलेक्ट्रॉनांमुळे अणूला चुंबकीय परिबल मिळते, म्हणजे तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो, आणि भोवतालच्या अणूंचे विद्युत क्षेत्र त्या परिबलाला ठरावीक दिशेला झुकवते. होल्मियमच्या संयुगात परिबले चौरसाच्या पातळीत, त्यातही कर्णांच्या दिशेने पडतात. थुलियमच्या संयुगात ती उभ्या अक्षावर असतात. अतिसंवाहकता मोडण्यासाठी लागणारे क्षेत्रही त्याप्रमाणे फिरते. ज्या दिशेने क्षेत्र लावल्यावर परिबले सहज रांगेत येतात, त्या दिशेने अतिसंवाहकता लवकर मोडते. त्यामुळे होल्मियमच्या स्फटिकाला पातळीतले क्षेत्र जास्त जाचते, तर थुलियमच्या स्फटिकाला उभे. परिबल नसलेल्या ल्युटेशियमच्या स्फटिकात हा फरक किरकोळ उरतो.

होल्मियमचे संयुग सर्वांत वेधक आहे. सुमारे ८ केल्व्हिनला ते अतिसंवाहक होते. आणखी थंड केल्यावर ६ ते ५ केल्व्हिनच्या पट्ट्यात होल्मियमची परिबले सर्पिलासारखी रचली जातात. एका थरातील सगळी परिबले एकाच दिशेला, आणि पुढच्या थरात ती सुमारे १६३ अंशांनी वळलेली. सोबत पातळीतल्या अक्षाला धरूनही एक वेगळी चुंबकीय लाट दिसते आणि अतिसंवाहकता बिघडवण्याचे खापर बरेच अभ्यासक या लाटेवर फोडतात. या पट्ट्यात अतिसंवाहकता इतकी दुबळी होते की थोड्याशा क्षेत्राने ती नाहीशी होते. ५ केल्व्हिनच्या खाली एकाआड एक थरांतील परिबले नेमकी उलट दिशांना स्थिर होतात, एकमेकांचा परिणाम खोडून काढतात आणि अतिसंवाहकता पुन्हा सावरते. डिस्प्रोशियमच्या संयुगात क्रमच उलटा आहे. आधी सुमारे १० केल्व्हिनला परिबलांची मांडणी पक्की होते आणि त्या मांडणीतच ६ केल्व्हिनच्या सुमारास अतिसंवाहकता अवतरते. टर्बियम व गॅडोलिनियम यांच्या संयुगांत मात्र ती आढळलेली नाही.

चौरस तळाचा ठसा आणखी एका ठिकाणी उमटतो. अतिसंवाहकात शिरणारे चुंबकीय क्षेत्र बारीक भोवऱ्यांच्या रूपात शिरते आणि हे भोवरे एरवी षट्कोनी जालकात बसतात. बोरोकार्बाइडांत क्षेत्र उभ्या अक्षाला धरून वाढवत नेले, की जालक चौरस होते. एर्बियमच्या संयुगात न्यूट्रॉन प्रकीर्णनाने (न्यूट्रॉनांचा झोत स्फटिकातून कसा विखुरतो ते पाहून) हे दिसले आणि नंतर परिबल नसलेल्या संयुगांतही आढळले. म्हणजे याचे श्रेय चुंबकत्वाला देता येत नाही. शिवाय इट्रियमच्या संयुगात क्षेत्र पातळीत फिरवत उष्णता संवाहकता मोजली असता, चौरसाच्या बाजूंच्या दिशेने अतिसंवाहकतेची ऊर्जा-फट (इलेक्ट्रॉनांच्या जोड्या फोडायला लागणारी ऊर्जा) जवळजवळ मिटत असल्याचे संकेत मिळाले.

असे प्रयोग भुकटीवर करता येत नाहीत, कारण भुकटीत सगळ्या दिशांची सरमिसळ होते. एकस्फटिकच लागतो. वितळलेल्या निकेल-बोरॉन संयुगात घटकद्रव्ये विरघळवून सावकाश थंड केले, की पातळ चकत्यांसारखे स्फटिक मिळतात आणि उभा अक्ष चकतीला काटकोनात असतो. आयोवातील एम्स प्रयोगशाळेत पॉल कॅनफिल्ड यांच्या गटाने या पद्धतीने अनेक संयुगांचे स्फटिक वाढवले. न्यूट्रॉन प्रयोगांसाठी बोरॉन-११ हे समस्थानिक वापरावे लागते, कारण नैसर्गिक बोरॉनमधले बोरॉन-१० न्यूट्रॉन गिळून टाकते. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पायावर लेझरच्या स्पंदांनी पातळ पटलेही बनवली गेली आहेत. त्यांत उभा अक्ष पटलाला लंब ठेवता येतो.

चकती असो वा पटल, मोजमाप करताना आकाराचा हिशेब चुकवून चालत नाही. क्षेत्र चकतीला लंब असेल तर तिच्या आतले क्षेत्र बाहेरच्यापेक्षा बरेच वेगळे असते आणि क्षेत्र पातळीत असेल तर जवळपास तेवढेच. ही दुरुस्ती न करता काढलेल्या आलेखात जी दिशानिर्भरता दिसते, तिच्यातला काही भाग स्फटिकाचा नसून निव्वळ चकतीच्या आकाराचा असतो.