अनोळखी शहरात जेवायचे कुठे? एका प्रश्नाची पार्श्वभूमी

मध्यम आकाराच्या एखाद्या शहरात गेल्यावर तिथे काय चांगले मिळते आणि कुठे मिळते, याचा शोध घेणे हा आज अनेकांच्या प्रवासाचा महत्त्वाचा भाग झाला आहे. हा शोध शक्य होण्यासाठी आधी दोन गोष्टी घडाव्या लागल्या: गिऱ्हाइकाला स्वतःची निवड करता येईल असे जेवणघर निघावे लागले, आणि त्या जेवणघराविषयी परक्या माणसाला सांगणारे कोणीतरी पुढे यावे लागले. पहिली गोष्ट फ्रान्सच्या राजधानीत, पॅरिसमध्ये घडली. दुसरीचा इतिहास मात्र बराचसा लहान-मध्यम शहरांशी आणि त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांशी निगडित आहे, आणि अशा शहरांच्या खाद्यजीवनाविषयीचे आपले अनेक समज त्यातूनच तयार झाले आहेत.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रान्समधील प्रवाशाला सराईत किंवा खाणावळीत ठरलेल्या वेळी, सगळ्यांसोबत एकाच मेजावर बसून, जे समोर येईल ते खावे लागे. त्या मेजावर नेहमीच्या मंडळींचा वरचष्मा असे, त्यामुळे चांगले पदार्थ नवख्यापर्यंत पोहोचतीलच याची खात्री नसे. 1760च्या दशकात पॅरिसमध्ये मातुरँ रोझ द शांत्वाझो याच्यासारख्या व्यावसायिकांनी अशक्त प्रकृतीच्या लोकांसाठी मांसाचे पौष्टिक सूप देणारी नवी दुकाने काढली. तिथे गिऱ्हाइकाला वेगळे मेज मिळे, हव्या त्या वेळी येता येई आणि पदार्थांची यादी पाहून निवड करता येई. 1782 मध्ये आंत्वान बोव्हिलिए याने याच पद्धतीला उंची भोजनगृहाचे रूप दिले आणि क्रांतीनंतरच्या काळात अशा रेस्तराँची संख्या पॅरिसमध्ये झपाट्याने वाढली. यादी आणि किंमत समोर आल्यामुळे एका जेवणघराची दुसऱ्याशी तुलना करणे प्रथमच सोपे झाले. 1803 मध्ये ग्रिमो द ला रेनिएर याने आपल्या वार्षिक पंचांगवजा ग्रंथात पॅरिसच्या वस्त्यांमधून खवय्याने कसे फिरावे, कोणत्या दुकानात काय घ्यावे, याचा सविस्तर मार्ग आखून दिला. पदार्थ चाखून निर्णय देणारे पंचमंडळही त्याने नेमले, पण त्यासाठीचे नमुने विक्रेतेच पाठवत असल्याने निःपक्षपातीपणाचा प्रश्न तेव्हापासूनच उभा राहिला.

पॅरिसबाहेरची शहरे या चित्रात खऱ्या अर्थाने आली ती मोटारीमुळे. क्लेरमाँ-फेराँ या मध्य फ्रान्समधील शहरात टायर बनवणाऱ्या आंद्रे आणि एदुआर मिशलँ या भावांनी 1900 मध्ये आपली पहिली मार्गदर्शिका छापली. तेव्हा संपूर्ण फ्रान्समध्ये 3,000 देखील मोटारी नव्हत्या, तरीही सुमारे 35,000 प्रती काढून त्या फुकट वाटण्यात आल्या. लोकांनी दूर जावे, जास्त फिरावे आणि टायर झिजवावेत, हा त्यामागचा सरळ व्यापारी हिशेब होता. टायर बदलण्याच्या सूचना आणि दुरुस्तीची ठिकाणे यांनाच त्या पुस्तकात महत्त्व होते. चांगल्या जेवणासाठी तारा देण्याची प्रथा 1926 मध्ये सुरू झाली आणि एक, दोन, तीन ताऱ्यांची उतरंड 1931 मध्ये आधी पॅरिसबाहेरच्या प्रांतांसाठी लागू झाली. तीन तारे म्हणजे त्या जेवणासाठी खास प्रवास करावा, दोन म्हणजे वाट वाकडी करावी, असे त्यांचे अर्थ आहेत. ही मापे प्रवाशाच्या अंतराची आहेत. त्या शहरात राहून आठवड्यातून दोनदा तिथे जेवणाऱ्या माणसाचा या मोजमापात विचारच नाही, आणि मला वाटते, मध्यम शहरांकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीतला मूळ दोष इथेच आहे.

लिऑँचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. पॅरिसहून भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्या मार्गावर असलेल्या या शहरात श्रीमंत घरांत स्वयंपाक केलेल्या अनेक स्त्रियांनी पुढे स्वतःची छोटी भोजनगृहे काढली. त्यांना तिथे ‘मेर’, म्हणजे आई, म्हणत. युजेनी ब्राझिए ही त्यांपैकीच एक. गरीब शेतकरी घरातून आलेल्या, दुसऱ्यांच्या घरी कामाला राहिलेल्या या बाईने 1921 मध्ये एका जुन्या किराणा दुकानाच्या जागेत आपले भोजनगृह थाटले आणि 1933 मध्ये तिच्या दोन्ही भोजनगृहांना प्रत्येकी तीन तारे मिळाले. तिची पदार्थांची यादी मोठी नव्हती. जवळच्या ब्रेस भागातील कोंबडी, तिच्या कातडीखाली सरकवलेले ट्रफल या जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी बुरशीचे काळे काप, त्या कापांमुळे शिजल्यावर अर्धी काळी, अर्धी पांढरी दिसणारी कोंबडी, असे मोजके पदार्थ ती वर्षानुवर्षे त्याच काटेकोरपणे करत राहिली. पुढे जगप्रसिद्ध झालेला पॉल बोक्यूज तिच्याच स्वयंपाकघरात उमेदवारी करून गेला. बाहेरच्या पाहुण्यांनी येऊन तारे दिले तेव्हा हे शहर गाजले, हे खरे. पण तो स्वयंपाक त्याआधीच नेहमीच्या, चोखंदळ आणि पदार्थ बिघडला तर लगेच ओळखणाऱ्या स्थानिक गिऱ्हाइकांनी घडवलेला होता.

अमेरिकेत हाच प्रश्न फिरत्या विक्रेत्यांनी सोडवला. छपाईच्या कामानिमित्त देशभर हिंडणाऱ्या डंकन हाइन्स याने 1935 च्या नाताळात मित्रांना आपल्या पसंतीच्या 167 भोजनगृहांची यादी पाठवली, आणि तिला एवढी मागणी आली की पुढच्याच वर्षी त्याने तिचे पुस्तक केले. जाहिराती न घेणे आणि स्वयंपाकघराच्या स्वच्छतेवर बारीक नजर ठेवणे, ही त्याची ख्याती होती.

त्याच 1936 साली न्यूयॉर्कच्या हार्लेममधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन याने कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका सुरू केली. खाद्यशोधाच्या इतिहासात तिचा उल्लेख क्वचितच होतो, आणि तो व्हायला हवा. कारण या प्रवाशांपुढे कोणते जेवणघर अधिक चांगले हा प्रश्न नव्हताच. अनोळखी गावात आपल्याला आत घेऊन वाढतील असे एकतरी दार कोणते, हा होता. महानगरात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या मोठ्या असत, त्यामुळे तिथे पर्याय सापडत. लहान-मध्यम शहरात मात्र एखादेच भोजनगृह, कधीकधी तर पाहुण्यांना खोली देणारे एखादे खासगी घर, एवढाच आधार असे, आणि तो पत्ता माहीत नसला तर उपाशी पुढे जावे लागे. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा हा भेदभाव बेकायदा ठरवला आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात ही मार्गदर्शिका बंद झाली. कोणत्याही शहराचे खाद्यजीवन समृद्ध होते असे म्हणताना ते कोणासाठी खुले होते, हे विचारलेच पाहिजे.

ब्रिटनमध्ये 1951 मध्ये रेमंड पोस्टगेट याने सामान्य ग्राहकांनी पाठवलेल्या अहवालांवरून मार्गदर्शिका तयार केली आणि 1979 मध्ये न्यूयॉर्कमध्ये झॅगट दांपत्याने ग्राहकांच्या मतांना गुणांचे रूप दिले. आजच्या मोबाइलवरील ताऱ्यांचे हे थेट पूर्वज होत.

दरम्यान वृत्तपत्रांतून दुसरी परंपरा वाढली होती. क्रेग क्लेबॉर्न याने 1957 पासून न्यूयॉर्कमध्ये समीक्षेची शिस्त घालून दिली: ओळख न देता जावे, एकापेक्षा अधिक वेळा जावे, बिल वृत्तपत्राने भरावे. महानगरासाठी हे नियम उत्तमच होते, पण जेमतेम अर्ध्या लाख वस्तीच्या, सगळे एकमेकांना ओळखणाऱ्या शहरात ते कसे पाळायचे? नॉर्थ डकोटा राज्यातील ग्रँड फोर्क्सच्या दैनिकात अनेक वर्षे भोजनगृहांवर लिहिणाऱ्या मॅरिलिन हॅगर्टी यांचे लेखन या प्रश्नाचे उत्तर आहे. मार्च 2012 मध्ये त्यांनी गावात नव्याने आलेल्या, देशभर शाखा असलेल्या एका इटालियन धाटणीच्या भोजनगृहावर लिहिले. जागा कशी आहे, वाढपी कसे वागतात, बाहेर थंडी असताना गरम पास्ता किती बरा वाटला, हे त्यात साधेपणाने आले होते. इंटरनेटवर आधी त्याची चेष्टा झाली. परंतु आचारी-लेखक अँथनी बोर्डेन याने त्यांच्या लेखांचा संग्रह 2013 मध्ये प्रकाशित केला, तेव्हा वाचकांच्या लक्षात आले की, त्या गावातली माणसे खरोखर कुठे आणि काय खात होती, याची इतकी प्रामाणिक नोंद दुसरीकडे कुठेच नव्हती. मला हे लेखन ताऱ्यांच्या कोणत्याही यादीपेक्षा मोलाचे वाटते, कारण ते त्याच गावात राहणाऱ्या बाईने शेजाऱ्यांसाठी लिहिले होते.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मते मांडण्याचे काम सर्वांच्या हाती आले. ग्राहकांची मते आणि तारे नोंदवणारी संकेतस्थळे निघाली: ट्रिपॲडव्हायझर 2000 मध्ये आणि येल्प 2004 मध्ये सुरू झाले. अर्थशास्त्रज्ञ मायकेल लूका यांनी सिॲटलमधील आकडेवारीवरून 2011 मध्ये दाखवले की, येल्पवर एक तारा वाढला तर भोजनगृहाच्या उत्पन्नात 5 ते 9 टक्के वाढ होते, आणि हा परिणाम स्वतंत्र भोजनगृहांवरच दिसतो, शाखांचे जाळे असलेल्यांवर नाही. त्यामागचे कारण उघड आहे: अशा शाखेत काय मिळणार हे प्रवाशाला आधीच ठाऊक असते, अनोळखी दारासाठी मात्र त्याला कोणाचातरी शब्द लागतो. या साधनांमुळे मध्यम शहरांतील अनेक एकट्या-दुकट्या व्यावसायिकांना परगावचे गिऱ्हाईक मिळू लागले, हा त्यांचा मोठा लाभ आहे.

मात्र सरासरीचे गणित या शहरांना जास्त जाचते. हजार मते मिळून 4.5 सरासरी असलेल्या महानगरी भोजनगृहाला कोणी एकच तारा दिला तर आकडा जवळपास हलतही नाही. दहाच मते असलेल्या जागेची तीच सरासरी एका नाराज पाहुण्यामुळे 4.2 च्या खाली येते. शिवाय मत नोंदवण्याची गरज मुख्यतः नवख्यालाच वाटते. ज्या जागेत रोज तेच शेजारी येतात आणि कोणाला काय हवे हे वाढणाऱ्याला न सांगता कळते, तिथल्या गिऱ्हाइकाला मोबाइल काढून काही लिहावेसे वाटण्याचे कारणच नसते, आणि त्यामुळे त्या शहरातले सर्वांत खात्रीचे जेवण यादीत खाली राहते किंवा यादीत येतच नाही.