काकवीचा जिंजरब्रेड दुसऱ्या दिवशी जास्त ओला का लागतो

गुऱ्हाळं सुरू झाली की चिकोडीकडनं मावशीची काकवीची बाटली येते, दरवर्षी. चार दिवस चपातीबरोबर खाऊन होते आणि मग ती फडताळात मागं जाऊन बसते ती पुढच्या बाटलीपर्यंत. यंदा म्हटलं ह्याचा जिंजरब्रेड करून बघूया. नावात ब्रेड असला तरी तो आल्याचा केकच, लांबट टिनमध्ये भाजलेला, काळपट तपकिरी, आणि इतका ओलसर की कापताना सुरीला लागला पाहिजे. इंग्लंडमधे तो ट्रीकल घालून करतात, म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक. आपल्या बेळगाव जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही पण तिथली मळी खायची वस्तू नव्हे, ती डिस्टिलरीला जाते. म्हणून काकवी. ती उरलेला पाक नाही, ती रसच आहे आटवलेला, साधारण 105 अंशाला काहिलीतनं काढतात, तोच पुढं 118 च्या आसपास नेला की गूळ होतो.

पहिला लोफ मी घालवला. रंग झकास, फुगला पण मस्त, आणि पहिल्या घासाला मावशी म्हणाली, "साबण लावून भाजलीस व्हय गं?" खरंच साबणासारखी चव होती.

त्याचं कारण असं की खायचा सोडा एकटा नीट काम करत नाही, त्याला जोडीला आंबट काहीतरी लागतं. आम्ल मिळालं की तो फसफसून कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि स्वतः संपून जातो, न मिळालं तर भट्टीच्या उष्णतेनं थोडा गॅस निघतो खरा पण मागं धुण्याचा सोडा उरतो, आणि तीच ती साबणाची चव. परदेशी रेसिपी धरून चालते की ट्रीकल आंबटसर आहे, त्यामुळं सोडा भरपूर घालायला सांगते. आता काकवी पण थोडी आंबटच असते, पण गुऱ्हाळात रस साफ करायला भेंडीचं चिकट पाणी घालतात तसा आंबटपणा मारायला चुना पण घालतात, आणि चुन्याचं माप गुऱ्हाळागणिक वेगळं. म्हणजे माझ्या काकवीतलं आम्ल चुन्यानं आधीच खाल्लं होतं आणि वर मी दीड चमचा सोडा ओतला. आता मी आधी वाटीत चमचाभर गरम केलेली काकवी घेते आणि चिमूटभर सोडा टाकून बघते. भराभर फेस चढला तर ठीक, नुसतीच बघत बसली तर पिठात दही वाढवायचं. 200 ग्रॅम पिठाला पाऊण चमचा सोडा आणि अर्धी वाटी दही, एवढ्यावर माझं जमलंय. आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहोत, इथं हवेचा दाब कमी म्हणून गॅस जरा जास्तच फुगतो, त्यामुळं सोड्यात हात आखडताच बरा.

आता ओलाव्याचं. मला आधी वाटायचं की ओला केक म्हणजे पाणी जास्त घातलेला केक. तसं केलं तर मधे कच्चट राहतो आणि खाली थर बसतो. पाणी किती घातलं यापेक्षा ते किती धरून ठेवलं जातंय हे महत्त्वाचं, आणि धरून ठेवायचं काम काकवी करते. रस रटरटत असताना उष्णता आणि रसातलं आम्ल मिळून काही साखर फोडतात, एका साखरेच्या दोन होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ह्यातलं फ्रुक्टोज पाण्याला फार चिकट. पावसाळ्यात खानापूरकडं गुळाची ढेप कशी पाझरायला लागते, हात लावला तर बोटं ओली, ते ह्याच फोडलेल्या साखरेमुळं, हवेतलं पाणी ओढून घेते ती. तेच ती लोफच्या आत करते, फक्त तिथं पाणी पिठातलं असतं आणि ती ते लवकर सोडत नाही. हीच साखर लवकर काळी पण पडते, म्हणून 180 वर ठेवू नका, 160 ला 50 मिनिटं, वरनं रंग चढला की कागद झाका.

लोण्याऐवजी तेल घातलं तर अजून मऊ लागतो, कारण आपल्याकडच्या डिसेंबरच्या गारठ्यात लोणी घट्ट होतं, तेल होत नाही. एवढंच.

आल्याची गंमत मात्र सांगायलाच हवी. ताज्या आल्यात तिखटपणा असतो तो जिंजेरॉलचा. आलं वाळवून सुंठ केली की त्यातलं थोडं जिंजेरॉल पाणी गमावून शोगाओल होतं, आणि ते जवळजवळ दुप्पट तिखट. नाव जपानी आहे, शोगा म्हणजे आलं. उलट ताजं आलं शिजवलं की जिंजेरॉल मोडून झिंजेरोन होतं, ते सौम्य, जरा गोडसर वासाचं. म्हणून नुसतं किसलेलं आलं घालून भाजलं तर वास येतो पण घशाला काही जाणवत नाही आणि नुसती सुंठ घातली तर नुसता ठसका. दोन्ही घाला, दोन चमचे सुंठ आणि एक मोठा चमचा कीस. आणि हा ठसका जिभेवरच्या ज्या रिसेप्टरला, म्हणजे चटका टिपणाऱ्या प्रथिनाला, लागतो तोच संकेश्वरी मिरचीला पण ओरडतो, आणि 43 अंशांच्या वरच्या चटक्याला पण, म्हणूनच तिखट आपल्याला गरम वाटतं. तो 1997 ला सापडला, त्यासाठी डेव्हिड ज्युलियसना 2021 चं नोबेल मिळालं. बाकी कच्च्या आल्यात प्रोटीन तोडणारं एन्झाइम असतं, चहाचं दूध कधीकधी नासतं त्यात त्याचा हात असतो, तेव्हा कीस घातल्यावर पीठ ताटकळत ठेवू नका, लगेच भट्टीत.

आता दुसरा दिवस. भट्टीतनं काढल्यावर वरचा पापुद्रा कोरडा असतो आणि पोटात ओल असते. कागदात गुंडाळून डब्यात ठेवला की रात्रभरात आतलं पाणी हळूहळू बाहेर येतं, पापुद्र्यातली साखर ते ओढून घेते, आणि सकाळी वरचा भाग चिकटसर, चकचकीत झालेला असतो. मसाले पण पसरतात. लोणचं मुरतं तसाच हा मुरतो. यॉर्कशायरकडं पार्किन नावाचा ओट घातलेला भाऊ आहे ह्याचा, 5 नोव्हेंबरला शेकोटीच्या रात्री खातात, तो तर मुद्दाम काही दिवस आधी करून डब्यात ठेवतात.

फक्त फ्रिजमधे ठेवू नका. आमच्याकडं हे कुणाला पटत नाही. 1852 साली बूसँगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं दाखवलं होतं की पाण्याचा थेंबसुद्धा बाहेर जाऊ दिला नाही तरी पाव शिळा होतोच, कारण शिजताना फुललेला स्टार्च गार झाल्यावर परत ओळीत बसायला लागतो आणि कडक होतो, आणि हे फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात जोरात चालतं. फ्रीझरमधे मात्र ते जवळपास थांबतं. म्हणून पावसाळ्यात, बुरशीच्या भीतीनं, मी तिसऱ्या दिवशी उरलेल्या फोडी सरळ फ्रीझरमधे टाकते आणि लागेल तशी एकेक तव्यावर झाकण ठेवून गरम करते. मावशी आता येताना बाटलीऐवजी पाच लिटरचा कॅन आणते, आणि बसायच्या आधी विचारते, कालचा आहे का आजचा.