ब्रेव्हिअरी

ब्रेव्हिअरी हा कॅथलिक धर्मगुरू, मठवासी आणि धर्मभगिनी यांचा नित्यप्रार्थनेचा ग्रंथ. दिवसाच्या ठरलेल्या प्रहरांना म्हणायची स्तोत्रे, गीते, वाचने आणि विनंत्या त्यात क्रमाने दिलेल्या असतात. लॅटिनमध्ये ‘ब्रेव्हिस’ म्हणजे आखूड. ज्या ग्रंथसंग्रहाची जागा या पुस्तकाने घेतली, त्याच्या मानाने ते खरोखरच आखूड होते.

या प्रार्थनेचा कणा म्हणजे बायबलमधील 150 स्तोत्रे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी नियम घालून दिला, की ही सगळी स्तोत्रे आठवड्यात एकदा पुरी व्हावीत. पूर्वीचे तपस्वी ती एका दिवसात म्हणत, आपण निदान आठवडा तरी पाळू, असे त्यांनी कळकळीने लिहिले आहे. पण एका प्रहराच्या प्रार्थनेला स्तोत्रांचे पुस्तक वेगळे, गीतांचे वेगळे, वाचनांचे वेगळे लागे. मठात ती सारी हाताशी असत. वाटेवरच्या माणसाने काय करावे? अकराव्या शतकाच्या सुमारास हे साहित्य एकत्र बांधले जाऊ लागले. तेराव्या शतकात गावोगाव फिरणाऱ्या फ्रान्सिस्कन बंधूंनी (संत फ्रान्सिस यांच्या संघातील व्रतस्थांनी) रोमच्या पोपदरबारातील आटोपशीर ब्रेव्हिअरी स्वीकारली आणि त्यांच्याबरोबर ती युरोपभर पोहोचली.

सामान्य भाविकांनाही हा प्रहरांचा क्रम हवासा वाटला. त्यातून ‘प्रहरांचे पुस्तक’ तयार झाले: सणवारांची दिनदर्शिका, येशूची आई मरिया हिची छोटी प्रहरप्रार्थना, पश्चात्तापाची सात स्तोत्रे, मृतांसाठी प्रार्थना. फ्रान्समधील बेरीच्या ड्यूकसाठी (सरदारासाठी) लिंबूर्ख या चित्रकार बंधूंनी 1412 ते 1416 या काळात चितारलेली प्रत जगप्रसिद्ध आहे. पण माझ्या मते या ग्रंथप्रकाराचे मोल साध्या, हाताळून मळलेल्या प्रतींत अधिक कळते. कित्येक घरांत हे एकच पुस्तक असे. मुले त्यावरच अक्षरे गिरवत आणि कोऱ्या पानांवर घरातले जन्म-मृत्यू नोंदवले जात. छपाई आल्यावर पॅरिसच्या मुद्रकांनी ही पुस्तके मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. इंग्लंडच्या राजाशी धर्मनिष्ठेपायी विरोध पत्करून तुरुंगात गेलेल्या टॉमस मोर यांच्याजवळ असेच एक छापील पुस्तक होते. त्याच्या समासात त्यांनी स्वतःच्या हाताने प्रार्थना लिहिली. 1535 मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला.

त्याच वर्षी स्पॅनिश कार्डिनल किन्योनेस यांची सुटसुटीत ब्रेव्हिअरी निघाली. ती अतिशय लोकप्रिय झाली, पण परंपरेपासून फार दूर गेल्याचा आक्षेप येऊन 1558 मध्ये मागे घेतली गेली. सोळाव्या शतकातील ट्रेंट येथील धर्मसुधारणेच्या परिषदेनंतर पोप पायस पाचवे यांनी 1568 मध्ये एकच रोमन ब्रेव्हिअरी लागू केली. दोनशे वर्षांहून जुन्या स्थानिक परंपरांना मात्र सूट मिळाली.

पुढे संतांचे सण वाढत गेले आणि सणांची ठरावीक स्तोत्रे पुन्हापुन्हा येऊन बाकीची मागे पडली. 1911 मध्ये पोप पायस दहावे यांनी मांडणी बदलून सर्व 150 स्तोत्रे पुन्हा आठवड्यात बसवली. 1960 च्या दशकात कॅथलिक धर्मजीवनात बदल घडवणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1971 पासून निघालेल्या चार खंडांच्या लॅटिन आवृत्तीत त्यांतली तीन वगळून बाकीची चार आठवड्यांवर पसरली, ‘प्राइम’ हा सकाळचा प्रहर गळाला आणि लोकभाषांतील प्रार्थनेला वाट मिळाली.

ज्यांना वाचता येत नसे, त्यांच्यासाठी 150 स्तोत्रांच्या जागी मरियेची ‘नमो मरिया’ ही छोटी प्रार्थना 150 वेळा म्हणण्याची रीत मध्ययुगातच रुजली. मणी ओढत ही प्रार्थना म्हणायच्या पवित्र माळेला (रोझरीला) ‘मरियेची स्तोत्रसंहिता’ म्हणतात ते यामुळेच. गोव्यातील कॅथलिक घरांत संध्याकाळी होणाऱ्या माळेच्या प्रार्थनेला ‘तेर्स’ म्हणतात; हा शब्द पोर्तुगीज ‘तेर्सू’, म्हणजे तिसरा हिस्सा, यावरून आला: दीडशेपैकी पन्नास. 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी माळेच्या पंधरा चिंतनांत (प्रत्येकासाठी दहा ‘नमो मरिया’) पाचांची भर घातली आणि पन्नास हा चौथा हिस्सा झाला. घरोघरी नाव मात्र तेर्सच राहिले आहे.