अद्भुत आणि रहस्य कादंबऱ्या नेण्यापूर्वी: सभासदांसाठी माहितीपत्रक
आमच्या वाचनालयातील अद्भुत आणि रहस्य या दोन विभागांतल्या पुस्तकांच्या आतल्या पुठ्ठ्यावर सभासदांना आता एक छोटी अभिप्राय-चिठ्ठी चिकटवलेली दिसेल. मलपृष्ठावरचा मजकूर पुस्तक खपावे म्हणून लिहिलेला असतो आणि त्याच्या मते प्रत्येक कादंबरी श्वास रोखायला लावणारीच असते. आमची चिठ्ठी मात्र पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून मगच लिहिलेली आहे, आणि आम्ही पुस्तके विकत नसून वाचायला देत असल्यामुळे न आवडलेले पुस्तक आवडले नाही असे लिहिण्यात आमचे काही जात नाही. ही मते कोणत्या कसोटीवर बनतात हे सभासदांना ठाऊक असावे, म्हणून अलीकडे वाचलेल्या काही कादंबऱ्यांविषयी येथे लिहीत आहोत.

रहस्यकादंबरीकडून आमची मुख्य अपेक्षा अशी की, शेवटी जे उघड होते त्याचे धागे वाचकाच्या डोळ्यांसमोरून आधी गेलेले असावेत. केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही २००५ सालची, नाओकी पारितोषिक मिळालेली कादंबरी आमच्या मते या कसोटीला पुरेपूर उतरते. खून कोणाचा झाला आणि कोणाच्या हातून झाला, हे लेखकाने सुरुवातीलाच सांगून टाकले आहे. यासुको आणि तिची मुलगी यांच्या हातून, छळ करणाऱ्या माजी नवऱ्याचा जीव जातो आणि शेजारच्या घरात राहणारा, यासुकोवर मुकाट्याने प्रेम करणारा गणिताचा शिक्षक इशिगामी पुढची सगळी निरवानिरव स्वतःकडे घेतो. पोलिसांच्या मदतीला येतो तो त्याचाच विद्यापीठातला जुना मित्र, भौतिकशास्त्रज्ञ युकावा. त्यामुळे येथे शोध गुन्हेगाराचा नसून, सर्वांच्या समोर असूनही पोलिसांना जे दिसत नाही त्याचा आहे. उत्तर कळल्यावर आम्ही मागची पाने पुन्हा चाळली, तेव्हा लेखकाने फसवले असे न वाटता, आपणच एक गोष्ट विनाकारण गृहीत धरून चाललो होतो हे लक्षात आले. मधल्या भागातल्या चौकशा रेंगाळतात आणि जिच्यासाठी हे सारे घडते ती यासुको मात्र फिकी राहते, हे दोन दोष चिठ्ठीवर नोंदवले आहेत. तरीही या विभागात नव्याने येणाऱ्या सभासदाला आम्ही पहिले पुस्तक हेच देतो.

टाना फ्रेंच यांच्या ‘इन द वुड्स’ या २००७ सालच्या कादंबरीबाबत काय लिहावे याचा आम्हाला बराच विचार करावा लागला. डब्लिनजवळच्या रानात खेळायला गेलेल्या तीन मुलांपैकी एकटाच सापडतो आणि त्याला काहीही आठवत नाही. पुढे गुप्त पोलीस झालेल्या त्याच मुलाकडे, त्याच जागी झालेल्या एका मुलीच्या खुनाचा तपास येतो. तपास करणारे दोन सहकारी, त्यांची मैत्री आणि त्या मैत्रीची होणारी पडझड इतक्या ताकदीने लिहिलेली आहे की रहस्य नसते तरी पुस्तक वाचनीय ठरले असते. मात्र नव्या खुनाचा उलगडा होतो आणि जुन्या घटनेचा होत नाही. हे आधी सांगणे म्हणजे अर्धे रहस्य फोडणेच होय, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. पण चारशेहून अधिक पाने वाचून झाल्यावर एक गाठ तशीच राहिलेली पाहणे ज्यांना सोसत नाही, त्यांना ते आधी कळलेले बरे, असे ठरवून आम्ही ते लिहिले आहे. ‘गॉन गर्ल’ (२०१२) विषयी थोडक्यात इतकेच की मध्यावरचे वळण अप्रतिम आहे आणि त्यानंतरचा भाग त्या उंचीवर टिकत नाही.

अद्भुतकादंबरीत काहीही घडू शकते, असा एक समज आहे. आमचा अनुभव नेमका उलट आहे: जिथे जादूला कसलाच नियम नाही आणि तिची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही, तिथे नायक संकटात सापडला तरी वाचक निवांत असतो. उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) मध्ये प्रत्येक वस्तूला आणि जिवाला एक खरे नाव असते, ते कळल्याखेरीज मंत्र चालत नाही, आणि एका बेटावर पाऊस पाडला तर दुसऱ्यावर अवर्षण पडू शकते. गेड हा तरुण घमेंडीपोटी हा नियम मोडतो आणि त्यातून सुटलेली एक सावली त्याचा पाठलाग करू लागते. पुढची सगळी कथा त्या एका चुकीतून आपसूक वाढत जाते. पुस्तक लहान, भाषा संयमी, आणि लढायांची अपेक्षा धरणाऱ्यांना ते कदाचित शांत वाटेल. स्त्रियांना या कथेत कडेलाच उभे केले आहे, आणि ही उणीव लेखिकेने पुढे ‘तेहानू’ (१९९०) मध्ये भरून काढली.

दोन्ही विभागांत ठेवता येईल असे पुस्तक म्हणजे सुझाना क्लार्क यांचे ‘पिरानेसी’. २०२० साली आलेल्या आणि पुढच्या वर्षी विमेन्स प्राइझ मिळवणाऱ्या या कादंबरीत एक माणूस अंत नसलेल्या दालनांच्या, पुतळ्यांच्या आणि भरती-ओहोटीच्या एका घरात राहतो व रोजनिशी लिहितो. सुरुवातीला काही कळत नाही, आणि ते तसेच अभिप्रेत आहे. निदान पन्नास पाने वाचल्याखेरीज ते परत करू नये, अशी आमची विनंती आहे.

मालिकांविषयी एक सूचना आवश्यक वाटते. पॅट्रिक रॉथफस यांच्या ‘द नेम ऑफ द विंड’ (२००७) चा दुसरा खंड २०११ मध्ये आला आणि तिसरा अद्याप आलेला नाही. जॉर्ज मार्टिन यांच्या १९९६ मध्ये सुरू झालेल्या मालिकेचा पाचवा खंडही २०११ चाच आहे. दोन्ही लेखक उत्तम लिहितात, पण कथा वाटेत थांबलेली आहे हे ठाऊक असूनच त्या न्याव्यात, म्हणून मालिका पूर्ण आहे की अपूर्ण, हे चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत लिहिले जाते. पूर्ण आणि तीही मराठीतून हवी असल्यास, टोल्किन यांच्या त्रिखंडात्मक कादंबरीचा मुग्धा कर्णिक यांनी केलेला ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा अनुवाद मागावा.

मूळ मराठीत नारायण धारपांना आमच्याकडे सर्वाधिक मागणी आहे. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) वर बेतलेली असल्यामुळे मूळ पुस्तक वाचलेल्यांना वळणे आधीच कळतील. तरी साध्या, बोलक्या वाक्यांतून भीती हळूहळू वाढवत नेण्याची धारपांची हातोटी त्यांची स्वतःची आहे. शशी भागवत यांची ‘मर्मभेद’ याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. तिची भाषा भरजरी, कारस्थाने गुंतागुंतीची आणि पाने पुष्कळ, त्यामुळे ती प्रवासात वाचण्याऐवजी सुट्टीत सलग वाचावी.

चिठ्ठीच्या मागची बाजू कोरी ठेवली आहे. सभासदांनी आपले मत, आमच्या विरुद्ध असले तरी, तेथे अवश्य लिहावे, मात्र शेवट उघड करू नये. पहिल्याच पानावर पेन्सिलने खुन्याचे नाव लिहून ठेवण्याची हौस काही वाचकांना असते. अशी प्रत हाती आल्यास ती काउंटरवर परत द्यावी. दुसरी प्रत शिल्लक असल्यास लगेच बदलून मिळेल आणि नसल्यास त्या पुस्तकाचे वाचनशुल्क आकारले जाणार नाही.