गॉस्पेल की सोल? अरेथा फ्रँकलिन ऐकताना होणारा घोटाळा

आपल्याकडे ‘सोलफुल’ या शब्दाचे फार हाल झाले आहेत. कुणी मांडीवर गिटार घेऊन, डोळे मिटून, जुनं गाणं निम्म्या लयीत म्हटलं की खाली प्रतिक्रिया पडते, ‘किती सोलफुल!’ म्हणजे संथ, हळवं, कुजबुजल्यासारखं. त्यात सोल म्हणजे आत्मा हे शाळेतच पाठ झालेलं. त्यामुळे सोल हा अमेरिकन गाण्याचा प्रकार म्हणजे तिकडचं भक्तिसंगीत, असा अनेकांचा पक्का समज असतो. मग असा माणूस पहिल्यांदा खरं सोल ऐकतो आणि दचकतो. ट्रम्पेट-सॅक्सोफोन खणखणताहेत, ड्रम दणदणतोय आणि एक बाई आपल्या माणसाला ठणकावून सांगते आहे, घरात पाऊल टाकशील तेव्हा माझा मान ठेव.

तरी हा गैरसमज अगदीच बिनबुडाचा नाही. मागे एकदा घरी स्पीकरवर अमेरिकन सोल गायिका अरेथा फ्रँकलिनचं ‘अमेझिंग ग्रेस’ लावलं होतं. आई मेथी निवडत बसली होती. म्हणाली, “चर्चमधलं दिसतंय.” बरोबरच होतं. थोड्या वेळाने तिचंच ‘डॉक्टर फीलगुड’ लागलं. तसंच ऑर्गन, तोच गळा, मध्येच ओरडून दाद देणारी तशीच माणसं. “हेही चर्चमधलंच ना?” आता हे गाणं असं आहे की मी आणि माझा माणूस एकत्र असताना आजूबाजूला पाहुणेरावळे नकोत, माझ्या सगळ्या दुखण्यांवर औषध तोच. मी नुसतं “हं” केलं.

आईचा कान चुकला नव्हता. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्याला गॉस्पेल म्हणतात आणि सोल त्याच घरात जन्मलं. सूर तेच, स्वरसंगती त्याच, टाळीही तीच. चार मात्रांत आपला हात सवयीने पहिलीवर पडतो, यांचा दुसरीवर आणि चौथीवर. एक मुख्य गायक आणि मागे त्याला उत्तर देणारे गळे, ही मांडणीही दोन्हीकडे. आपल्या पोवाड्यात झीलकरी करतात तेच काम. तेव्हा नुसत्या आवाजावरून फरक सांगायला जाल तर फसाल. पहिली कसोटी शब्दांची लावायची: गाण्यातला ‘तू’ कोण? तो देव असेल तर गॉस्पेल, माणूस असेल तर सोल. मराठीत आपण विठोबालाही ‘तू’ म्हणतो आणि सखीलाही, त्यामुळे ही अदलाबदल किती सोपी आहे हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे गॉस्पेल फार प्राचीन वगैरे नाही. गुलामगिरीच्या काळातली, कर्ता माहीत नसलेली ‘स्पिरिच्युअल्स’ ही भक्तिगीतं जुनी. ज्याला आज गॉस्पेल म्हणतात ते बरंचसं 1930 च्या दशकातलं आणि त्याचा जनक मानला गेलेला थॉमस डॉर्सी हा आधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज, म्हणजे चर्चबाहेरची सुखदुःखाची गाणी, वाजवायचा. चावट गाणीही त्याने केली. 1932 साली तो गावाला गेलेला असताना बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखात त्याने ‘प्रेशस लॉर्ड, टेक माय हँड’ रचलं. म्हणजे ब्लूजवाला आधी चर्चमध्ये शिरला, आणि वीसेक वर्षांनी चर्चची चाल उलट बाहेर पडली.

ती बाहेर काढणारा ठळक माणूस म्हणजे गायक रे चार्ल्स. 1954 मध्ये त्याने सदर्न टोन्स या मंडळींच्या ‘इट मस्ट बी जीझस’वरून ‘आय गॉट अ वुमन’ केलं. येशूच्या जागी बाई. भाविक चिडले. सॅम कुकचं तर आणखी अवघड झालं. तो ‘सोल स्टिरर्स’ या गाजलेल्या गॉस्पेल चमूचा लाडका मुख्य गायक. 1956 मध्ये त्याने आपल्याच ‘वंडरफुल’ या गॉस्पेल गाण्याचं ‘लव्हेबल’ केलं आणि रेकॉर्डवर नाव टाकलं डेल कुक. नाव बदललं, पण गळा कसा बदलणार? लोकांनी लगेच ओळखलं. आपल्याकडे गणपतीत सिनेमाच्या चालीवर आरती म्हटली तर नाकं मुरडून विषय संपतो. तिथे देवाची चाल बाजारात नेणं हे जवळपास धर्म सोडण्यासारखं होतं.

अरेथाला मात्र टोपणनाव घ्यावं लागलं नाही, आणि त्याचं कारण तिचे वडील.

तिचा जन्म 25 मार्च 1942 चा, मेम्फिसचा, पण वाढली ती डेट्रॉइटमध्ये. वडील रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन तिथल्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री. त्यांच्या प्रवचनांच्या रेकॉर्ड निघत आणि खपत. त्यांची पद्धत अशी की सुरुवात साध्या बोलण्याने, मग बोलण्याला लय येते, मग सूर लागतो, शेवटी प्रवचन आणि गाणं यांतली रेघच पुसते आणि लोक ओरडून उत्तरं देऊ लागतात. कीर्तनाला बसलेल्या माणसाला हे लगेच कळेल. अरेथाची शैली समजून घ्यायची तर तिच्या गाण्यांच्या आधी वडिलांची प्रवचनं ऐकावीत, असं माझं मत आहे. पहिल्या ओळी ती जवळजवळ बोलल्यासारख्या म्हणते, ताकद राखून ठेवते आणि चढते ती शेवटी.

घरात महेलिया जॅक्सन, क्लारा वॉर्ड अशा थोर गॉस्पेल गायिकांचं येणं-जाणं. आई-वडील वेगळे झालेले, आणि अरेथा दहा वर्षांची व्हायच्या आतच आई गेली. पियानो ती कानाने शिकली, पुढे गॉस्पेल गायक-पियानोवादक जेम्स क्लीव्हलंडकडून बरंच काही उचललं. चौदाव्या वर्षी, 1956 मध्ये, वडिलांच्या चर्चमध्येच तिची गॉस्पेल गाणी ध्वनिमुद्रित झाली. मग तिने बाहेरची गाणी गायचं ठरवलं तेव्हा वडील आड आले नाहीत, उलट मदतीला उभे राहिले.

1960 मध्ये ती कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत गेली. पुढची सहा वर्षं तिला व्हायोलिनांच्या ताफ्यासमोर उभं करून जॅझ वळणाची, नाटकांतली गाणी दिली गेली. वाईट नाहीत ती. पण दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचा सदरा घातल्यासारखी वाटतात. 1966 च्या अखेरीला अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या निर्मात्याने, जेरी वेक्सलरने, तिला घेतलं आणि एक साधी गोष्ट केली: तिला पियानोवर बसवलं. जानेवारी 1967 मध्ये अलाबामातल्या मसल शोल्स गावी ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन’ तयार झालं. त्याच दिवशी दारू, तिचा तेव्हाचा नवरा आणि तिथली मंडळी यांच्यात भांडण जुंपलं, ध्वनिमुद्रण गुंडाळावं लागलं, आणि उरलेलं काम न्यूयॉर्कला झालं. तिथेच 14 फेब्रुवारीला ‘रिस्पेक्ट’ ध्वनिमुद्रित झालं.

हे गाणं मुळात सोल गायक ओटिस रेडिंगचं, 1965 चं. त्याच्या गाण्यातला पुरुष म्हणतो, राबून पैसे घेऊन येतोय, घरी आल्यावर जरा मान दे. गाणं छानच आहे, पण मागणी नेहमीचीच. अरेथाने शब्द थोडे हलवले आणि बोलणारी बाई झाली. मग तिने असं काही केलं जे ओटिसच्या गाण्यात नाहीच: वाद्यं अडवली आणि शब्दाची सात अक्षरं एकेक करून घोकून घेतली, मास्तरीण ढ पोराकडून स्पेलिंग घोकून घेते तशी. मागे झील धरायला सख्ख्या बहिणी, अर्मा आणि कॅरोलिन. त्या नुसत्या साथ देत नाहीत, तिची बाजू घेतात. चर्चमध्ये एक बाई उभी राहून आपली कहाणी सांगते आणि बाकीच्या ‘खरं आहे, सांग त्याला’ म्हणतात, तो प्रकार जसाच्या तसा इथे आला आहे. देव गेला, सभा राहिली.

जून 1967 मध्ये हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. स्त्रियांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळींनी ते आपलं म्हटलं. त्याच महिन्यात माँटेरेच्या महोत्सवात ओटिसने मंचावरून हसत तक्रार केली की एका पोरीने माझं गाणं पळवलं. डिसेंबरात विमान अपघातात तो गेला.

‘रिस्पेक्ट’ संपतं कसं ते एकदा नीट ऐका. संपतच नाही. अरेथा आणि बहिणी त्याच त्या तुकड्यावर एकमेकींना उत्तरं देत राहतात आणि आवाज हळूहळू बारीक होत विरतो. अडीच मिनिटांच्या रेकॉर्डला तेवढीच जागा. गॉस्पेलमध्ये नेमकं याच ठिकाणी गाणं पेटतं. तोच तुकडा घोळवत गायकवृंद धरून ठेवतो, मुख्य गायक सुचेल ते घालतो, पाच मिनिटं, दहा मिनिटं, लोक उभे राहून नाचेपर्यंत. ऐकणाऱ्यांच्या आरोळ्या हा त्या गाण्याचाच भाग. शब्दांनंतरची दुसरी कसोटी ही: सोलची रेकॉर्ड जिथे विरते, तिथून पुढे गॉस्पेल सुरू होतं.

पण या दोन्ही कसोट्या अरेथानेच मोडल्या.

मार्च 1971. सॅन फ्रान्सिस्कोचं फिलमोर वेस्ट हे सभागृह, समोर लांब केसांची रॉक ऐकणारी तरुण पोरं. तिथे तिने ‘डॉक्टर फीलगुड’ असं काही ताणलं की ते प्रवचनच झालं, आणि पोरं चर्चमधल्यासारखी ओरडू लागली. शेवटच्या रात्री तिने प्रेक्षकांतून रे चार्ल्सला मंचावर ओढून आणलं. दोघांनी मिळून ‘स्पिरिट इन द डार्क’ गायलं. हे गाणं देवाचं की देहाचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिथून दहा महिन्यांनी, 13 आणि 14 जानेवारी 1972 ला, ती लॉस एंजेलिसच्या न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये उभी होती. ड्रमवर तोच बर्नार्ड पर्डी, गिटारवर तोच कॉर्नेल डुप्री. फिलमोरला ज्याच्या बँडमध्ये हे दोघे वाजवत होते, तो किंग कर्टिस मधल्या काळात न्यूयॉर्कमध्ये मारला गेला होता. चर्चमध्ये सूत्रं जेम्स क्लीव्हलंडकडे, मागे सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर. या दोन्ही ठिकाणची ध्वनिमुद्रणं पाठोपाठ ऐकावीत. ताल धरणारे हात तेच आहेत, पण चर्चमध्ये कुणाला कसलीच घाई नाही.

‘अमेझिंग ग्रेस’ ती जवळजवळ अकरा मिनिटं गाते. एकेका शब्दाला इतक्या हरकती, मुरक्या की ओळ पुढे सरकायचं नाव घेत नाही. तरी एकही जागा दाखवण्यासाठी घेतलेली वाटत नाही. मला हे मुद्दाम सांगायचं आहे, कारण गाण्याच्या स्पर्धांतून एका अक्षरावर पंधरा सूर घेण्याची जी कसरत चालते, तिचं खापर लोक अरेथाच्या डोक्यावर फोडतात. अरेथाचा वारसा बघायचा तर गायिका व्हिटनी ह्यूस्टनकडे बघावं. व्हिटनीची आई सिसी ह्यूस्टन अरेथामागे साथीला गायची. अरेथा चाल आडवळणाने नेते ती शब्दाने तिला अडवलं म्हणून. त्या रात्री हे गाणं चालू असताना क्लीव्हलंड पियानोवरून उठून बाजूला जाऊन बसतो, तोंड झाकून रडतो. दुसऱ्याला पियानो सांभाळावा लागतो.

आणि पहिली कसोटी? त्या चर्चमध्ये तिने सोल गायक मार्व्हिन गेचं ‘होली होली’ गायलं. ब्रॉडवेच्या नाटकातलं गाणं गायलं. वर डॉर्सीच्या ‘प्रेशस लॉर्ड’मध्ये पॉप गायिका कॅरोल किंगचं ‘यू हॅव गॉट अ फ्रेंड’ विणलं. किंगच्या गाण्यातला मित्र चांगला हाडामांसाचा आहे. अरेथाच्या तोंडी तो येशू होतो, आणि कुठल्या क्षणी झाला ते पकडता येत नाही. इतकी वर्षं चर्चचं बाजारात जात होतं, इथे तिने बाजारातलं चर्चमध्ये आणलं. या दोन रात्रींचा ‘अमेझिंग ग्रेस’ हा अल्बम अमेरिकेत वीस लाखांहून जास्त खपला आणि तिच्या सगळ्या अल्बममध्ये सर्वाधिक विकला गेला.

त्या दोन रात्रींचं चित्रीकरण चित्रपट दिग्दर्शक सिडनी पोलॅकने केलं होतं, पण प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला क्लॅप न दिल्यामुळे आवाज आणि चित्र जुळेना आणि रिळं पडून राहिली. पुढे तंत्राने ते जुळलं, तर अरेथाने स्वतः कोर्टात जाऊन प्रदर्शन अडवलं. 16 ऑगस्ट 2018 ला ती डेट्रॉइटमध्ये गेली आणि त्यानंतर त्या वर्षाअखेर चित्रपट लोकांपुढे आला.

त्यात दुसऱ्या रात्री पहिल्या ओळीत क्लारा वॉर्डजवळ सी. एल. फ्रँकलिन बसलेले दिसतात. बोलायला उठतात तेव्हा सांगतात, खरं विचाराल तर तिने चर्च कधी सोडलंच नव्हतं. पुढे ती पियानोवर बसून ‘नेव्हर ग्रो ओल्ड’ गाते. दिव्यांच्या उष्णतेने चेहरा घामाने निथळतोय. वडील जागेवरून उठतात, तिच्यापाशी जाऊन रुमालाने तिचा चेहरा टिपतात. तिचं गाणं थांबत नाही, हातही पियानोवर चालत राहतात.