दुखत नाही, दाटून येतंय

खानापूरजवळच्या गावातून आईला बेळगावला नेलं. पहिल्या दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता विचारलं, "छातीत दुखतं काय?" आई म्हणाली, "नाही." ते खरंच होतं. ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो.

आठवड्यानं दुसरीकडे गेलो. हे डॉक्टर कानडी बोलणारे. स्टूल ओढून आईसमोर बसले. "हेळ्री अव्वा," म्हणाले आणि लगेच मराठीत, "सांगा, काय काय होतंय?" मग गप्प राहिले. आईनं आधी म्हशीचं सांगितलं, मग शेताच्या वाटेचं. मी तिला आवरायला गेले तर त्यांनी हातानंच मला थांबवलं. "चढ लागला की हितं दाटून येतंय. डाव्या हाताला रग लागते. जरा टेकलं की उतरतंय." पेनाचं टोपण त्यांनी तेव्हा उघडलं.

हा अंजायना होता. चढावर हृदयाला जास्त रक्त लागतं, अरुंद झालेल्या रक्तवाहिनीतून ते पुरेसं पोचत नाही. हृदयाकडून येणाऱ्या नसा आणि छाती-हाताच्या नसा मज्जारज्जूच्या एकाच भागात शिरतात. त्यामुळे मेंदूला नेमकी जागा कळत नाही आणि हाताला रग लागते. कितीतरी रुग्ण याला दुखणं म्हणतच नाहीत. आवळल्यासारखं होतंय, ओझं ठेवल्यासारखं वाटतंय, दाटतंय, असं म्हणतात. 'दुखतं काय' एवढंच विचारलं तर उत्तर 'नाही' असंच येणार.

1975 साली ब्रिटनमध्ये 80 नव्या रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्यातल्या 66 जणांचं शेवटी ठरलेलं निदान नुसती हकीकत ऐकून केलेल्या निदानाशी जुळलं. रुग्णाचं बोलणं ही पहिली तपासणी आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. पण ती अर्धवटच सोडली जाते. 1984 च्या एका अमेरिकन अभ्यासात 74 भेटी तपासल्या, तर डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत रुग्णाला मध्येच तोडत होते. ओपीडीबाहेर रांग असते, मान्य. पण स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या डॉक्टरांनी 335 रुग्णांना न अडवता बोलू दिलं, तेव्हा सगळं सांगून व्हायला सरासरी 92 सेकंद लागले. दीड मिनिट! आमच्याकडे कानडी, मराठी, उर्दू एकाच बाकावर बसतात, तिथं थोडा वेळ जास्त लागेल. तेवढा तो द्यायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

डॉक्टरांनी नीट सांगण्याचाही गुण येतो. 1964 साली बॉस्टनमध्ये पोटाची शस्त्रक्रिया व्हायची होती अशा 97 रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना भूलतज्ज्ञांनी भेटून सांगितलं की कुठं दुखेल, किती दिवस दुखेल, कुशीवर कसं वळायचं, अंग सैल कसं सोडायचं. त्यांना वेदनाशामक औषध इतरांच्या जवळपास निम्मंच लागलं. दुखणं त्यांनाही होतंच. पण अनोळखी कळ आली की माणूस घाबरतो, अंग आखडतो आणि ती कळ आणखी वाढते.

आईची अँजिओप्लास्टी ठरली, म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी आतून फुगा फुगवून रुंद करायची. आदल्या संध्याकाळी तिनं विचारलं, "उद्या लई दुखंल काय?" डॉक्टर खाटेच्या काठावर बसून म्हणाले, "मनगटात सुई टोचेल. मग आत फुगा फुगवतो, तेव्हा थोडं दाटेल. तुमच्या चढावर दाटतं ना, तसंच. फुगा उतरवला की उतरेल."

दुसऱ्या दिवशी खाटेवर आणल्यावर आई म्हणाली, "सांगितल्यालं तेवढंच दाटलं बघ."