काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी फुगवलेले आकडे

हवाई कॅमेऱ्याच्या भिंगाची योग्यता बराच काळ एकाच आकड्याने ठरायची: मिलिमीटरला किती रेषा सुट्या दिसतात? हा आकडा काढला जाई पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवरच्या काळ्याकुट्ट पट्ट्यांवरून. अमेरिकी हवाई दलाचा १९५१ चा तीन पट्ट्यांचा तक्ता आजही प्रयोगशाळांत वापरात आहे. त्यात प्रत्येक पायरीला रेषांची दाटी सुमारे १२ टक्क्यांनी वाढते.

विमानातून जमीन मात्र अशी दिसत नाही. समजा, रस्ता आणि शेजारचे शेत यांच्या उजेडाचे प्रमाण ८ ला २, म्हणजे चारास एक आहे. मधल्या धुरकट हवेने दोन्हींत ८ ची भर घातली, की उरते १६ ला १०, म्हणजे १.६ ला १. पिवळा फिल्टर या हवेचा निळसर उजेड अडवतो, पण सगळा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या एल. ई. हाउलेट यांनी फिकट, कमी कॉन्ट्रास्टच्या (उजेड-अंधारात थोडाच फरक असलेल्या) लक्ष्यांवर, म्हणजे तपासणीच्या पट्ट्यांवर, भिंगे तपासण्याचा आग्रह धरला, तो यामुळेच.

नुसता आकडा घसरला असता तर फारसे बिघडत नव्हते. सगळ्यांचाच घसरला असता. खरी गोम अशी की भिंगांचा क्रमही उलटू शकतो. गोलीय दोष (भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जुळणे) उरलेल्या भिंगाचा प्रकाशबिंदू मध्ये टोकदार असतो आणि भोवती फिकट वलय पसरते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर ते वलय खपून जाते. फिकट लक्ष्यावर तेच वलय पट्ट्यांमधला जेमतेम फरक पुसून टाकते. अशा भिंगाचा उत्तम फोकसही दोन्ही लक्ष्यांवर एकाच जागी येईल असे नाही. म्हणजे चुकीच्या तक्त्यावर बसवलेला कॅमेरा आकाशात चुकीच्याच फोकसवर उडणार.

फिल्मचेही तेच. कोडॅकच्या पॅनाटॉमिक-एक्स या हवाई फिल्मची विभेदनक्षमता, म्हणजे रेषा सुट्या दाखवण्याची ताकद, १००० ला १ कॉन्ट्रास्टवर मिलिमीटरला ४०० रेषा, तर १.६ ला १ वर १२५. कोडॅक दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापत असे. जाहिरातीत मोठाच आकडा का झळकावा, हे सांगायला नको.

एका आकड्याचा हा हट्ट मोडला तो चाळिशीच्या दशकाअखेरीस. फ्रान्समध्ये द्युफिए यांनी १९४६ मध्ये प्रतिमेचे गणित फूरियेच्या पद्धतीने, म्हणजे प्रतिमा वेगवेगळ्या दाटीच्या लहरींत फोडून, मांडले, आणि अमेरिकेत आरसीए या कंपनीचे ओटो शेड टेलिव्हिजनच्या कामातून त्याच वाटेने आले. प्रत्येक दाटीच्या रेषांचा किती टक्के कॉन्ट्रास्ट भिंग पुढे पोहोचवते, याचा आलेख, म्हणजे एमटीएफ (मॉड्युलेशन ट्रान्सफर फंक्शन), हाती आला. समजा, फिल्मला रेषा ओळखायला ५ टक्के चढउतार पुरतो. काळ्या-पांढऱ्या लक्ष्यावर भिंगाने ५ टक्के पोहोचवले तरी भागते. १.६ ला १ च्या लक्ष्यात मुळातच चढउतार (फरक ०.६ भागिले बेरीज २.६) असतो २३ टक्के. तेव्हा भिंगाला त्याचा पाचवा हिस्सा तरी टिकवावा लागतो, आणि आलेखावर ती जागा बऱ्याच अलीकडे, म्हणजे कमी दाटीच्या रेषांपाशी, येते.